हीट ऑफिसर, कर्जत साइट

सोमवार, २४ मार्च

आजपासून मी हीट ऑफिसर. मुंबईच्या हेड ऑफिसातून रिया मॅडमचा मेल आला. प्रत्येक साइटवर उन्हाळ्यासाठी एक जबाबदार माणूस नेमायचा, कर्जतच्या साइटसाठी साईनाथ भोईर, म्हणजे मी. सुपरवायझर होतोच, आता हे वरून. चाळिशीनंतर माणसाला ओळखायला लागतात ते असं.

समिधाला सांगितलं. बायको म्हणाली, म्हणजे ऊन कमी करणार का तुम्ही? तिला प्रशासन कळत नाही. विषय सोडला.

मेलसोबत चौदा पानांचं पत्रक. दर वीस मिनिटांनी पाणी. सावली. ओआरएस. दुपारी बारा ते तीन काम बंद. नवा किंवा सुट्टीवरून आलेला माणूस पहिल्या दिवशी अर्धंच काम करणार. दोघादोघांच्या जोड्या लावायच्या, एकानं दुसऱ्यावर नजर ठेवायची. माणूस बरळायला लागला, झोकांड्या खायला लागला की उष्माघात समजायचा, अंगावर पाणी ओतायचं आणि १०८ ला फोन करायचा. दोनदा वाचून पाठ केलं. शेवटचं पान लॅमिनेट करून माझ्या खुर्चीमागे लावलं.

संकल्प: यंदा या साइटवर एकाही माणसाला ऊन बाधणार नाही.

शुक्रवार, २८ मार्च

थर्मामीटर आणलं. बाहेर मिक्सरजवळच्या खांबाला लावलं तर एकेचाळीस दाखवायला लागलं. एवढ्या उन्हात ते बिघडणार हे उघड आहे. काढून ऑफिसात पंख्याखाली लावलं. आता बत्तीस. हा आकडा विश्वासार्ह वाटतो. रजिस्टरमध्ये घेतला.

रजिस्टर स्वतः आखलं. तारीख, वेळ, तापमान, पाणी, विश्रांती, शेरा. शेऱ्याचा रकाना मोठा ठेवला. माझं अक्षर चांगलं आहे, ते दिसायला हवं.

मंगळवार, १ एप्रिल

मुकादम कोंडाजीला बोलावून योजना समजावली. सव्वीस माणसांची गँग त्याची, सगळी डोंगरपायथ्याच्या गावांतली. पावसाळ्यात भात लावतात, उन्हाळ्यात आमच्या बंगल्यांच्या कामावर. मी अर्धा तास बोललो. तो ऐकत होता आणि डोकं खाजवत होता. शेवटी म्हणाला, सायेब, ह्ये सगळं बरं हाय, पन आमी पूर्वीपास्नं पहाटं पाचला लागतो, अकराला सुटतो, पुन्ना चारला येतो. उनात कोन मरतंय? तुमचं त्ये अंगठ्याचं मशीन आल्यापास्नं आठ ते सहा झालंय. त्येवढं मशीन आमच्या टायमावर लावा, झालं.

त्याला समजावलं की बायोमेट्रिकचं सेटिंग मुंबईहून होतं, आणि मशीन आठच्या आधी अंगठा घेत नाही. आणि मुळात योजना शास्त्रीय आहे, गावठी उपाय वेगळे. तो हो म्हणाला. मला वाटतं पटलं त्याला.

मॅडमना मशीनबद्दल मेल करावा का? करू. पण आधी बाकीची योजना नीट बसू दे.

गुरुवार, ३ एप्रिल

आजपासून बाराची शिट्टी. बरोबर बाराला मारली. कुणी उठलं नाही. पुन्हा मारली. मिक्सरवरच्या मोरूनं मान वर करून पाहिलं आणि परत खडी टाकायला लागला.

कोंडाजी म्हणाला, काम उक्तं घेतलंय, बसलं तर हातावर काय पडनार? तीन तास बसवताय तर तीन तासांचं कोन देनार?

हा प्रश्न माझ्या अखत्यारीत येत नाही. शिट्टी मारणं माझं काम, बसणं त्यांचं. रजिस्टर: "१२.०० विश्रांती दिली."

सोमवार, ७ एप्रिल

पाण्याची सोय पूर्ण. थंड पाण्याचे चार जार रोज येणार. ऑफिसात ठेवले, बाहेर पाणी तापतं. फक्त ऑफिसात परवाच पांढऱ्या टाइल्स बसवल्यात, म्हणून दारावर पाटी लावली: चप्पल बाहेर काढून, पाय धुऊन आत यावे.

दिवसभरात एकही जण आला नाही. पाय धुवायला पाणी कुठंय, असं येसूबाईनं विचारलं. येसूबाई म्हणजे घमेली उचलणाऱ्या बायकांतली थोरली, मोरूची बायको. बोलायला फटकळ. मोरू उलटा, पंचावन्नचा, दिवसाला चार शब्द. दोघांची डोंगराखाली थोडी भातशेती आहे, उन्हाळ्यात कोंडाजीबरोबर असतात.

तिला सांगितलं, सूचना नोंदवून घेतली. संध्याकाळी जारमधले दोन ग्लास मीच रिकामे केले. लोकांना सोय दिली तरी घेत नाहीत, हे हेड ऑफिसला कधी कळणार?

शनिवार, १२ एप्रिल

विश्रांतीची शेड झाली. हिरवी नेट, बांबू, खाली सतरंजी. गँगमधल्या दहा जणांना बसवून फोटो काढला. मॅडमनी ग्रुपवर तीन टाळ्या पाठवल्या. "कर्जत लीड्स." बाकीच्या साइटच्या लोकांनी अंगठे दिले. खालापूरच्या घरी पोचेपर्यंत मोबाइल सारखा वाजत होता. समिधाला दाखवलं. ती म्हणाली, त्या कडेच्या बाईला उठून जायचंय, तुम्ही फोटोसाठी धरून ठेवलंय असं दिसतंय. ती येसूबाई होती. तिला खरंच जायचं होतं, मिक्सर चालू होता.

मंगळवार, १५ एप्रिल

आमचे बिल्डर शेठ आले होते. मुंबईची गिऱ्हाइकं घेऊन. उन्हात उभं राहून बंगल्याचा नकाशा कसा दाखवणार, म्हणून दोन दिवस शेड वापरतो म्हणाले. टेबल, खुर्च्या, मोठा कूलर. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. दोनच दिवस.

बुधवार, १६ एप्रिल

मोरू अकराच्या सुमारास खाली बसला. एकदा उलटी झाली. मी लगेच पोचलो. डोळे लाल. माझा अनुभव सांगतो, रात्रीची उतरली नव्हती. तसं म्हणालो तर येसूबाई माझ्यावरच आली. त्यो दारूला शिवत नाय वो सायेब, कावीळ झाल्यापास्नं सात वर्सं. इचारा गावात कुनालाबी. उनानं घेतलंय त्याला.

बायका नवऱ्याची बाजू घेणारच. तरी मोठ्या मनानं दोन ओआरएसची पाकिटं काढून दिली. पाकिटं कपाटात कुलपात ठेवावी लागतात, नाहीतर घरी नेतात. किल्ली माझ्याकडेच असते. मोरू अर्ध्या तासानं उठून परत कामाला लागला. माणूस कणखर आहे. नोंद: "किरकोळ अपचन."

शनिवार, १९ एप्रिल

मोरूनं सुट्टी घेतली. पुतण्याचं लग्न, गावातच. हळद, मांडव, पाहुणे, दहा-बारा दिवस येणार नाही म्हणे. लग्नसराईत गँग निम्मी होते. आमच्या भागातली हळद मला ठाऊक आहे, तिथं काय काय वाहतं तेही.

शेड अजून शेठच्या गिऱ्हाइकांकडे. दोन दिवस संपले अशी आठवण करून द्यायला गेलो होतो. थंड सरबत दिलं. चांगली माणसं आहेत.

गुरुवार, २४ एप्रिल

सात नंबरच्या बंगल्याचा स्लॅब ठरला. तीस तारीख, अक्षय्य तृतीया. शेठच्या गुरुजींनी मुहूर्त काढला, अकरा पन्नास. शेठच्या मिसेसच्या हातून पहिलं घमेलं.

स्लॅब एकदा सुरू झाला की थांबवता येत नाही. मध्ये थांबलं की जोड पडतो, पावसाळ्यात तिथूनच गळतं. म्हणजे अकरा पन्नासला सुरू केला तर सहापर्यंत सलग. माझी योजना बारा ते तीन काम बंद. थोडा विचार करावा लागेल.

शुक्रवार, २५ एप्रिल

कोंडाजी आपणहून आला. म्हणाला, सायेब, आमचा नारळ आमी पहाटं पाचला फोडतो. नारळ फोडल्याबिगर गँग घमेल्याला हात लावत नाय, त्येवढं झालं की काम चालू. अकरापत्तूर सलाब ऊन चढायच्या आत निम्म्यावर येतो. जिन्याकडचा कोपरा शेठसाठी मोकळा ठेवू, त्येंनी अकरा पन्नासला तितं घमेलं टाकावं. दोन नारळ व्हतील, येवढंच.

युक्ती वाईट नव्हती. पण शेठना सांगायचं कुणी? आधीच काँक्रीट पडलंय हे कळलं तर मुहूर्त राहिला कुठे? आणि एका स्लॅबला दोन नारळ म्हणजे देवाची चेष्टा. असल्या गोष्टीत मी पडत नाही. शिवाय ड्रोनवाला अकराला येणार.

कोंडाजी म्हणाला, बघा बुवा. जाताना टोपी काढून घाम पुसला आणि पुन्हा म्हणाला, बघा.

मंगळवार, २९ एप्रिल

उद्याची तयारी पक्की. जोड्या लावल्या, मोरू सोडून आणि कोंडाजी धरून सव्वीस माणसांच्या तेरा. मोरू उद्या येणार, मिक्सरवर त्याच्याइतका तरबेज दुसरा नाही. त्याच्या जोडीला कोणी उरलं नाही, सत्ताविसावा. मग त्याचा जोडीदार मीच झालो. लीडरनं उदाहरण घालून द्यावं लागतं.

सुट्टीवरून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी अर्धं काम, हे लक्षात आहे. पण तो नियम नवख्यांसाठी असणार. मोरू तीस वर्षं हेच करतोय.

समिधा म्हणाली, उद्या खोपोलीत बेचाळीस सांगितलंय. मी म्हणालो, आमच्या साइटवर बत्तीसच्या वर गेलेलं नाही.

बुधवार, ३० एप्रिल

सकाळी ८.१० — सगळे हजर. मोरूही आला, हातावर हळदीचे डाग. नमस्कार केला. जेवलास का विचारलं. हसला.

११.५० — नारळ फुटला. शेठच्या मिसेसनी घमेलं टाकलं. ड्रोन छान उडाला.

१२.०० — शिट्टी मारली नाही. आज अपवाद.

१.०५ — काम जोरात. बायकांची रांग जिन्यावर. मोरूला लांबून पाहिलं, ठीक. पाहुण्यांचं जेवण शेडमध्ये, मला आग्रह झाला. पंधरा मिनिटंच बसलो.

२.२० — मोरूनं खडीचं घमेलं मिक्सरऐवजी बाहेर ओतलं. मग कुणा धोंडीला हाका मारायला लागला, मोठमोठ्यानं. धोंडी म्हणजे त्याचा वारलेला भाऊ, असं कोंडाजी म्हणाला. चालताना झोकांड्या. शेडमधले पाहुणे उठून बघायला लागले. शेठ माझ्याकडे बघत होते. मी जवळ गेलो. वास आल्यासारखा वाटला. लग्नघरचा माणूस, दुसरं काय असणार? कोंडाजीला सांगितलं, सिमेंटच्या गोडाऊनमध्ये नेऊन झोपव, उतरेल. कोंडाजी काहीतरी बोलत होता, पण मिक्सर थांबवता येत नव्हता. पाहुण्यांना दिसू नये म्हणून गोडाऊनचं दार मी लोटून घेतलं. येसूबाई वर स्लॅबवर होती.

रजिस्टर: "२.२० कामगार मोरू मद्यपान केलेल्या अवस्थेत आढळला. विश्रांतीस पाठविले."

३.१५ — स्लॅब दोन तृतीयांश. शेठ खूश.

रात्री ९.०० — चारच्या पुढे येसूबाई खाली उतरली आणि मोरू कुठंय म्हणून विचारत सुटली. कोंडाजीनं दार उघडलं. पत्र्याच्या गोडाऊनमध्ये मोरू सिमेंटच्या गोण्यांवर पडलेला. अंगाला घाम नाही. येसूबाईनं हात लावला आणि ओरडली. अंग तव्यासारखं तापलेलं. हाक मारली तर डोळे फिरवले. स्लॅबला पाणी मारायचा पाइप होता, तो तिनं ओढत आणला आणि त्याच्यावर धरला. कुणाला विचारलं नाही. बायका पदर ओले करून वारा घालत होत्या. १०८ ला फोन कोंडाजीनं केला. माझा मोबाइल ड्रोनच्या व्हिडिओत अडकला होता.

कर्जतहून पुढे पनवेलला नेलं. मी मागे बाइकवर गेलो. वाटेत माझ्याही डोक्यात ऊन गेलं असावं, कारण दोनदा चुकून खोपोलीच्या रस्त्याला लागलो.

जेवलो नाही. समिधानं ताट झाकून ठेवलं.

शुक्रवार, २ मे

मोरू जिवंत. शुद्ध येते जाते. किडनीवर ताण म्हणाले. उष्माघात. डॉक्टरांनी येसूबाईला सांगितलं, पाणी ओतलंत म्हणून वाचला. मी तिथंच उभा होतो. मला कुणी ओळखलं नाही.

रक्तात दारू नाही. रिपोर्टमध्ये तसं लिहिलंय. रिपोर्ट लॅबचा, त्यातही चुका होतात म्हणा.

मंगळवार, ६ मे

रिया मॅडमचा फोन. आवाज बदललेला. रजिस्टरचे फोटो पाठवा म्हणाल्या. पाठवले. मग त्या म्हणाल्या, नोंद जशी आहे तशीच राहू दे, त्यात एक अक्षर बदलू नका. मी म्हणालो, मॅडम, पण डॉक्टरांचं म्हणणं. त्या म्हणाल्या, रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड, साईनाथ. तुमचं रजिस्टर सगळ्यात व्यवस्थित आहे.

ही स्तुती होती. नीट ऐकली.

शनिवार, १० मे

गँग गेली. कोंडाजीनं दुसरं काम धरलं, नेरळच्या बाजूला. जाताना म्हणाला, तितं अंगठ्याचं मशीन नाय.

शेड मोकळी झाली. सतरंजीवर बसून पाहिलं. वारा बरा येतो. मशीनच्या वेळेचा मेल लिहायला घेतला. विषय लिहिला. पुढे उद्या.

बुधवार, १४ मे

येसूबाई साइटवर आली. एकटी, नेरळहून कुठल्याशा टेंपोनं. मला वाटलं भांडायला आली. तयारी करत होतो की मी योजनेप्रमाणे सगळं केलं होतं. ती ऑफिसच्या दाराशीच उभी राहिली, चपला काढून. पाटी अजून आहे.

म्हणाली, मोरू घरी आलाय. डावा हात थरथरतो, शब्द सापडत नाय. ते बरं व्हईल म्हनतात, नायतर नाय. पन गावात सगळीकडं झालंय, प्यायला आनि पडला. तुमच्या रजिस्टरात लिवलंय असं कंपनीवाले सांगतात म्हनून लोक मानतात. पुतन्याच्या सासरची मानसं बोलली, नवी सून आमच्या ताटात जेवना. सात वर्सं त्यानं वास घेतला नाय वो. हळदीतबी लिंबूपानी घेऊन बसला होता. तुमी एकदा या घरी. चार मानसांसमोर येवढंच बोला, त्यो प्यायला नव्हता. मला दुसरं काय नको.

मी येतो म्हणालो. रविवारी. ती म्हणाली, नक्की? मी म्हणालो, माझा शब्द.

रविवार, १८ मे

बोलायचं ते तीन मुद्द्यांत लिहून खिशात घेतलं होतं. इस्त्रीचा शर्ट घातला. समिधा म्हणाली, मी येऊ का? मी म्हणालो, माझं काम आहे. तिनं दारातून हात केला. बऱ्याच दिवसांनी माझ्याबद्दल तिला काहीतरी बरं वाटलं असावं.

येसूबाईनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ओटीवर दहा-बारा माणसं. पुतण्या, त्याची नवी बायको उंबऱ्यात, तिच्या माहेरचे दोघे मुद्दाम आलेले. कोंडाजीही होता. मला खुर्ची, बाकीचे खाली. पाणी दिलं, चहा दिला. मग सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

मोरू खाटेवर होता. अर्धा राहिलाय. माझ्याकडे बघून उठायला लागला, हात थरथरला, पुतण्यानं धरलं. बराच वेळ ओठ हलत होते. मग म्हणाला, सायेब, सलाब... पुरा झाला? जोड नाय ना पडला?

मी म्हणालो, नाही पडला.

त्याला बरं वाटलं. मान हलवली. खिशातला कागद काढायला माझा हात गेला तो नुसताच खिशात राहिला. सुनेच्या माहेरचा माणूस म्हणाला, बोला ना सायेब, काय बोलायला आलाय? मी म्हणालो, स्लॅब छान झाला, मोरूचं काम एक नंबर असायचं. काळजी घ्या. उन्हात फिरू नका.

हे शेवटचं वाक्य मी खरंच म्हणालो. उठलो. कुणी थांबा म्हणालं नाही.

येसूबाई बाइकपर्यंत आली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, बोलला नाय तुमी? मी म्हणालो, पुढच्या वेळेला. ती आत निघून गेली.

मोरू प्यायला नव्हता. वास आला नव्हता. तो बरळत होता, झोकांड्या खात होता, त्याचा अर्थ काय ते मला पाठ होतं, आणि पाहुणे बघत होते म्हणून मी दार लोटून घेतलं.

दहा माणसांसमोर एवढंच बोलायचं होतं. इथं लिहिलं. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही.